विणकरांच्या वाटेने फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सच्या मुख्य रेल्वे स्थानकाला ज्या चर्चचे नाव दिलेले आहे, त्या सांता मारिया नोव्हेल्लाला वळसा घालून पुढच्या चौकात यावे आणि मान वर करावी. पांढऱ्या व गर्द हिरव्या संगमरवराच्या दर्शनी भिंतीवर, त्रिकोणी माथ्याच्या खाली, मोठ्या रोमन अक्षरांत एका माणसाचे नाव कोरलेले दिसते. हा माणूस संत नव्हता, राजा नव्हता आणि पोपही नव्हता. त्याचे नाव जोव्हान्नी रुचेल्लाई, आणि नावासोबत कोरलेले साल आहे १४७०. लोकरीच्या कापडाच्या व्यापारात वर आलेल्या घराण्यातला हा पुरुष. आपण काळ्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातीतल्या वनस्पतीपासून जांभळा रंग काढण्याची कृती याच्या एका पूर्वजाने पूर्वेकडून आणली आणि त्या रंगावर घराण्याने पैसा केला, अशी परंपरा आहे. शहरातल्या एका प्रमुख देवळाच्या कपाळावर कापडवाल्याचे नाव असावे, ही गोष्ट सोलापूरच्या माणसाला थांबवल्याशिवाय राहत नाही.

आम्ही दोघे होतो, मी आणि माझे वडील. बाबांनी सोलापुरातल्या एका गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, उमेदीची सगळी वर्षे काढली आणि गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागांची दुरुस्ती केली. त्यांना चित्रकलेचे आकर्षण फारसे नाही, पण कापडाचा तुकडा बोटांत धरला की ते त्याची वीण, सूत आणि खळ यांविषयी बोलू लागतात. फ्लॉरेन्ससाठी हाती एकच दिवस होता. त्यामुळे प्रवासी कंपन्या दाखवतात ती यादी बाजूला ठेवून या शहराला श्रीमंत करणाऱ्या धंद्याच्या वाटेने चालायचे, असे मी घरूनच ठरवले होते. उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये त्यामुळे आमच्या दिवसात बसली नाहीत आणि त्याची मला खंत वाटत नाही, कारण बोत्तिचेल्लीची व्हीनस किंवा मायकेलअँजेलोचा डेव्हिड तासाभराच्या घाईत पाहण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवणे अधिक योग्य आहे.

लोकरीचा धंदा या शहरात केवढा होता, याचा सर्वात चांगला पुरावा जोव्हान्नी व्हिल्लानी या तिथल्याच बखरकाराने लिहून ठेवलेला आहे. १३३८ च्या सुमारास शहरात लोकरीच्या कापडाची दोनशे किंवा त्याहून अधिक दुकाने होती, त्यांतून वर्षाला सत्तर ते ऐंशी हजार ठाण तयार होत आणि तीस हजारांहून अधिक माणसे या धंद्यावर जगत, असे तो नोंदवतो. त्याच्याच अंदाजाने त्या वेळी शहराची लोकसंख्या नव्वद हजारांच्या आसपास होती. म्हणजे साधारण दर तीन माणसांमागे एकाची चूल लोकरीवर पेटत होती. उत्तम लोकर इंग्लंडहून येई. ती धुणे, पिंजणे, विंचरणे, कातणे, विणणे, कापड कुटून घट्ट करणे, ताणून वाळवणे, रंगवणे आणि शेवटी वरचा लव कातरून गुळगुळीत करणे ही सर्व कामे वेगवेगळ्या हातांनी होत. कातकाम बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या बायका करीत आणि विणकर आपल्या घरी मागावर बसत. माल मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्यापाऱ्याचाच राही. सूत आणि नमुना मालकाचा, माग आणि मेहनत विणकराची, ही रीत सोलापुरात वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या व्यापाऱ्यांचा संघ म्हणजे ‘आर्ते देल्ला लाना’, लोकरीचे गिल्ड. गिल्ड म्हणजे एका धंद्यातल्या मालकांची बांधील संस्था. मालाचा दर्जा, मजुरीचे नियम, दंड आणि न्याय हे सर्व तिच्या हाती असे, आणि नगराच्या कारभारात भाग घ्यायचा तर कोणत्या ना कोणत्या गिल्डचे सदस्य असावे लागे. शहराच्या मुख्य कॅथेड्रलचे काम १२९६ मध्ये आर्नोल्फो दी कांबिओ याच्या आराखड्यावर सुरू झाले, रेंगाळले, आणि १३३१ मध्ये नगराने त्या कामाची देखरेख या लोकरीच्या गिल्डकडे सोपवली. पुढे फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की याने त्या चर्चवर जो प्रचंड अष्टकोनी घुमट चढवला, त्याचे हिशेब कापडवाल्यांनी तपासलेले आहेत, त्याच्या कंत्राटांवर कापडवाल्यांच्या प्रतिनिधींनी निर्णय घेतलेले आहेत.

कॅथेड्रलपुढे सकाळी लवकर पोहोचलो तरी घुमटावर जाण्याची रांग लागलेली होती. वर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावे लागते. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही वर गेलो नाही. खालून पाहिले तरी घुमटाचे मोठेपण पुरेसे कळते. आतला व्यास सुमारे ४५ मीटर, एकात एक अशी दोन कवचे, आणि विटांची मांडणी अशी, की काही विटा उभ्या रचून त्यांच्या आधारावर पुढचा थर तोलला जाईल. या मांडणीमुळे खालून लाकडी साच्याचा पूर्ण आधार न देता १४२० ते १४३६ या काळात हा घुमट उभा राहिला. रुंद पोकळीवर इतक्या उंचीवर पुरेल एवढे लाकूड आणणे आणि ते उभारणे हीच त्या काळी मोठी अडचण होती आणि ब्रुनेल्लेस्कीचा विजय त्या अडचणीवर होता. दगडविटा वर नेण्यासाठी त्याने बैलांनी फिरवायचे एक यंत्र केले होते. बैलांची दिशा न बदलता केवळ दाते बदलून ओझे वर नेता येई किंवा खाली सोडता येई. बाबांना घुमटापेक्षा हे यंत्र अधिक आवडले.

त्या काळातल्या बांधकामाच्या कप्प्या, दोरखंड आणि हत्यारे कॅथेड्रलच्या मागे असलेल्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. हे संग्रहालय, ‘म्युझिओ देल्लओपेरा देल दुओमो’, माझ्या मते फ्लॉरेन्समधल्या सर्व संग्रहालयांत सर्वात समाधान देणारे आहे, कारण इथे कलाकृतीसोबत ती ज्या कामाचा भाग होती ते कामही दिसते. बॅप्टिस्टरीचे, म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचे, तिन्ही कांस्य दरवाजे इथे आहेत. आंद्रेआ पिसानोचा पहिला दरवाजा १३३० च्या दशकातला. दुसऱ्यासाठी १४०१ मध्ये स्पर्धा लागली आणि ती लोरेंझो गिबेर्तीने जिंकली. तिसरा, ज्याला स्वर्गद्वार म्हणतात, त्याच गिबेर्तीने १४२५ ते १४५२ अशी वर्षे खर्चून केला. या तिन्ही दरवाजांचा कारभारही कापडवाल्यांच्याच हाती होता, फक्त गिल्ड दुसरे: ‘कालिमाला’, म्हणजे परदेशातून जाडेभरडे कापड आणून, त्यावर शेवटचे संस्कार करून ते पुन्हा जगभर विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला आर्नो नदीला पूर आला तेव्हा स्वर्गद्वारातले काही कांस्यपट पाण्याच्या जोराने निखळून पडले होते. आता मूळ दरवाजे आत काचेमागे आहेत आणि बाहेर प्रतिकृती बसवलेल्या आहेत.

पण आम्ही या संग्रहालयात ज्यासाठी आलो होतो ते संगमरवरी पट वेगळे आहेत. कॅथेड्रलशेजारचा घंटामनोरा जोत्तोने १३३४ मध्ये सुरू केला आणि त्याच्या पायथ्याशी भोवताली षटकोनी शिल्पपट बसवले गेले, त्यांतले पुष्कळसे आंद्रेआ पिसानो आणि त्याच्या कार्यशाळेचे. मनोऱ्यावर आज प्रतिकृती आहेत, मूळ पट संग्रहालयात जवळून पाहता येतात. मालिकेची सुरुवात आदम आणि हव्वा यांच्या निर्मितीपासून होते आणि लगेच पुढच्या पटात आदम जमीन खणताना व हव्वा सूत कातताना दिसते. त्यानंतर माणसाने शिकलेल्या विद्या आणि कला येतात: खगोल, बांधकाम, वैद्यक, नौकानयन, शेती, आणि त्यांच्याच ओळीत, त्यांच्याच आकारात, विणकाम.

त्या पटापुढे बाबा बराच वेळ उभे राहिले. एक बाई मागावर बसली आहे आणि दुसरी शेजारी उभी आहे. बाबा वाकून खालच्या बाजूला पाहत होते.

“पाय बघ तिचे,” ते म्हणाले. “पावडीवर आहेत. हा खड्ड्याचा माग नाही, चौकटीचा उभा केलेला आहे. आणि ज्याने हे कोरलंय त्याने माग चालताना बघितलेला आहे, ऐकीव नाही केलेलं.”

“कशावरून म्हणता, बाबा?”

“बसण्यावरून. विणणारा माणूस असाच बसतो. कंबर मागे आणि छाती पुढे. नुसतं चित्र काढणारा माणूस तिला सरळ पाटावर बसवल्यासारखी बसवेल.”

या पटाविषयी मी त्यापूर्वी जे काही वाचले होते त्यात विणकामाचे प्रतीक, मानवी श्रमाचे स्थान, मध्ययुगीन ज्ञानव्यवस्था अशा गोष्टी होत्या आणि त्या बरोबरही असतील, पण त्या बाईच्या कमरेकडे कोणी लक्ष वेधलेले मला आठवत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या एका शिल्पकाराच्या निरीक्षणाची पावती साळखात्यातल्या माणसाने द्यावी, याचा मला फार आनंद झाला आणि तो मी इथे लपवून ठेवत नाही.

कॅथेड्रलकडून नगरभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओर्सान्मिकेले नावाची एक चौकोनी, उंच, किल्ल्यासारखी इमारत लागते. बहुतेक प्रवासी तिच्या बाजूने पुढे निघून जातात. मुळात हा धान्याचा बाजार. १३३७ मध्ये तो नव्याने बांधायला घेतला, खाली मोकळी कमानदार जागा आणि वरच्या मजल्यांवर नगराचे धान्यकोठार. पुढे खालच्या कमानी बुजवून तिथे चर्च केले, तरी वरून धान्य खाली सोडण्याच्या नळ्यांची तोंडे आतल्या खांबांत अजून दिसतात. बाहेरच्या भिंतींवर कोनाडे आहेत आणि प्रत्येक कोनाड्यात एकेका गिल्डने आपापल्या संताची मूर्ती बसवलेली आहे. तागाच्या कापडाचे व्यापारी व जुने कपडे विकणारे यांच्या गिल्डने तरुण दोनातेल्लोकडून संत मार्कची मूर्ती करवून घेतली. संताच्या पायाखाली दोनातेल्लोने कापडाची उशी कोरली आहे आणि ती उशी संताच्या वजनाने दबलेली आहे. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्याही अशा पडतात, की कापडाखाली एक पाय भार घेतो आहे आणि दुसरा सैल आहे हे कळते. कापडाच्या व्यापाऱ्यांना याहून योग्य मूर्ती कोणी दिली असती असे मला वाटत नाही.

लोकरीच्या गिल्डची मूर्ती पलीकडच्या बाजूला आहे: गिबेर्तीचा संत स्टीफन, कांस्याचा. आधी त्यांची मूर्ती संगमरवराची होती, पण कालिमालाच्या व्यापाऱ्यांनी आणि सावकारांच्या गिल्डने महागडे कांस्य वापरलेले पाहिल्यावर लोकरीच्या गिल्डला ती कमीपणाची वाटू लागली आणि १४२० च्या दशकात त्यांनी ती बदलली. बहुतेक मूळ मूर्ती आता याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर संग्रहालयात आहेत. ओर्सान्मिकेलेला एका पुलासारख्या कमानीने जोडलेली शेजारची इमारत म्हणजे लोकरीच्या गिल्डचे स्वतःचे कार्यालय, १३०८ चे. तिच्या भिंतीवर निशाण धरलेला मेंढा कोरलेला आहे. तो ख्रिस्ताचे प्रतीक म्हणून आहे आणि धंद्याचे चिन्ह म्हणूनही आहे.

या मेंढ्याच्या चिन्हाखाली कसला न्याय चालत असे, हे मात्र सांगितलेच पाहिजे. गिल्ड मालकांचे होते. लोकर पिंजणारे, विंचरणारे, धुणारे हजारो मजूर गिल्डच्या हुकमतीखाली असत, पण तिचे सदस्य नसत, आणि त्यांना आपला वेगळा संघ करण्याची सक्त बंदी होती. १३४५ मध्ये चुतो ब्रांदिनी नावाच्या लोकर पिंजणाऱ्याने मजुरांना एकत्र करून संघ काढण्याचा प्रयत्न केला. त्याला पकडून फाशी दिली गेली. त्यानंतर १३४८ ची महामारी आली, युद्धे झाली, कर वाढले, आणि १३७८ च्या जुलैमध्ये हे मजूर, ज्यांना तिथे ‘चोंपी’ म्हणत, शस्त्रे घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांनी नगरभवन ताब्यात घेतले आणि मिकेले दी लांदो या लोकर पिंजणाऱ्याला नगराचा प्रमुख केले. तो अनवाणी, हातात नगराचे निशाण घेऊन, भवनाच्या पायऱ्या चढला, असे वर्णन मॅकियाव्हेली या फ्लॉरेन्सच्याच लेखकाने पुढे लिहिले आहे. मजुरांची मागणी काय होती? स्वतःचे गिल्ड, कारभारात वाटा, कर्जापायी होणाऱ्या तुरुंगवासातून सवलत, आणि मजुरांवर नजर ठेवायला गिल्डने नेमलेला जाचक अधिकारी हटवणे. तीन नवी गिल्डे स्थापन झालीही: रंगाऱ्यांचे, अंगरखे शिवणाऱ्या शिंप्यांचे आणि चोंपींचे. ऑगस्ट संपता संपता इतर गिल्डांच्या सशस्त्र माणसांनी चोंपींना मोडून काढले आणि त्यांच्या बाजूने खुद्द मिकेले दी लांदो उभा होता. चोंपींचे गिल्ड लगेच रद्द झाले, उरलेली दोन १३८२ मध्ये गेली आणि मिकेलेलाही शहराबाहेर घालवले गेले.

नगरभवन, म्हणजे पालाझ्झो व्हेक्किओ, आणि त्यापुढचा विस्तीर्ण चौक पाहताना लोक डेव्हिडच्या प्रतिकृतीपाशी गर्दी करतात. मला तिथे सोलापूरचा मे १९३० आठवत होता. गिरणी कामगार आणि शहरातले सामान्य लोक इंग्रज सत्तेविरुद्ध उठले, काही दिवस शहरातून इंग्रज प्रशासन नाहीसे झाले, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले गेले. दोन्ही उठावांची कारणे निराळी आहेत. एक परकीय राज्याविरुद्ध आणि दुसरा स्वतःच्याच शहरातल्या मालकांविरुद्ध. तरीही ज्या शहरात मोठ्या संख्येने लोक कापडावर जगतात, त्या शहरात हे लोक एकाच वेळी काम थांबवू शकतात आणि एकाच वेळी रस्त्यावर येऊ शकतात, ही ताकद मला दोन्हीकडे एक वाटते. सोलापुरात चार हुतात्म्यांचे पुतळे भर चौकात आहेत. फ्लॉरेन्समध्ये मिकेले दी लांदोचा पुतळा ‘मेर्कातो नुओव्हो’ या जुन्या बाजाराच्या कमानींत, कोपऱ्यातल्या एका कोनाड्यात आहे. त्याच इमारतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बखरकार व्हिल्लानी उभा आहे. कापडाची ठाणे मोजणारा आणि लोकर पिंजणारा असे दोघे एका छपराखाली आहेत, आणि सगळी गर्दी मात्र बाहेरच्या कांस्याच्या रानडुकराच्या नाकाला हात लावायला जमलेली असते.

दुपारचे जेवण आम्ही सांता क्रोचेच्या चौकाजवळ केले. रिबोल्लिता नावाचे पांढऱ्या घेवड्याचे, पालेभाजीचे आणि शिळ्या पावाचे दाट सूप तिथे मिळते, शाकाहारी माणसाला ते सोयीचे पडते. तोस्कानाच्या, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तिथल्या, पावात मीठ नसते. बाबांनी पिशवीतली शेंगाचटणी काढली आणि त्या अळणी पावाबरोबर ती फार चांगली लागली. सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाधी आहेत. आम्ही त्या पाहिल्या, गॅलिलिओपुढे थोडे थांबलो आणि नदीकडे निघालो.

सांता क्रोचेच्या दक्षिणेला ‘कोर्सो देई तिंतोरी’ हा रंगाऱ्यांचा रस्ता आहे. रंगाच्या कढयांना वाहते पाणी लागते, म्हणून रंगारी नदीकाठी राहत. जवळच्या एका गल्लीचे नाव रंगाच्या पिंपांवरून आहे, कॅथेड्रल आणि नगरभवन यांच्या मधल्या भागात कापडाचा लव कातरणाऱ्यांची गल्ली आहे, आणि नदीपलीकडे सांतो स्पिरितोच्या बाजूला कढयांची गल्ली आहे. आपल्याकडे सोलापुरात कापडवाल्यांची चाटी गल्ली आहे तशी ही नावे अजून टिकून आहेत, धंदा मात्र उठून गेलेला आहे. आज त्या रस्त्यांवर चामड्याच्या पिशव्या, आइस्क्रीम आणि प्रवाशांसाठी खोल्या आहेत. तरी नकाशा हातात धरून या गल्ल्या एकमेकींना जोडल्या, की लोकरीचा तो संपूर्ण प्रवास, कढईपासून कातरीपर्यंत, शहराच्या जमिनीवर उमटलेला दिसतो. इतिहासाची पुस्तके वाचून हे जितके कळले नसते तितके ते चालल्याने कळले.

नदी ओलांडून आम्ही सान फ्रेदियानो भागात गेलो. हा पूर्वीपासून मजुरांचा भाग, चोंपींपैकी अनेक जण इथलेच. इथे ‘पियाझ्झा देल तिरातोयो’ नावाचा चौक आहे. तिरातोयो म्हणजे ओले कापड लाकडी चौकटींवर ताणून वाळवण्याचे मोठे छप्पर. आता तिथे छप्पर नाही, गाड्या उभ्या असतात आणि मुले खेळतात. जवळच्याच कार्मिने चर्चमधले ब्रांकाच्ची चॅपेल आम्ही पाहिले. मासाच्चो या चित्रकाराची तिथली भित्तिचित्रे १४२० च्या दशकातली आहेत आणि ती करवून घेणारा फेलिचे ब्रांकाच्ची हा रेशमाचा व्यापारी होता. वेळ आधी ठरवावी लागते आणि आत थोडाच वेळ थांबू देतात, पण स्वर्गातून हाकललेल्या आदम आणि हव्वेचे चेहरे पाहायला तेवढा वेळही पुरेसा आहे. सकाळी सूत कातताना पाहिलेली हव्वा संध्याकाळी रडताना दिसली. याच भागात १७८६ पासूनची एक रेशीमशाळा अजून चालू आहे, ‘आंतिको सेतिफिचो फियोरेंतिनो’, जिथे जुन्या हातमागांवर आजही रेशीम विणले जाते. तिथे भेट आधी ठरवावी लागते. आम्हाला वेळ मिळाली नाही, तरी दारापाशी उभे राहून बाबांनी मागाचा आवाज येतो का ते ऐकले. त्यांच्या कानांना तो आला, माझ्या आला नाही.

तिथून टॅक्सी करून आम्ही कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकाला गेलो. मराठी माणसाने फ्लॉरेन्समध्ये ही जागा चुकवू नये. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या प्रवासात फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तिथेच वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि त्या शहराला हिंदू अंत्यसंस्काराचा परिचय नव्हता. तरीही परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांचे दहन झाले. त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे: फेटा, दागिने आणि कोवळा चेहरा. मागे असलेल्या मोठ्या पुलाचे नावही त्यांच्यावरूनच ‘भारतीयाचा पूल’ असे पडले आहे.

बाबा संगमाकडे पाहत म्हणाले, “हत्तरसंग-कुडलला भीमा आणि सीना मिळतात, तिथं पाण्याचा रंग दोन प्रकारचा दिसतो. इथं मुन्योने फारच लहान आहे.” मग त्यांनी पुतळ्याला हात जोडले आणि विचारले, महाराजांच्या नंतर गादीवर कोण आले. चौथे शिवाजी, आणि त्यांच्यानंतर १८८४ मध्ये दत्तक आलेले शाहू महाराज, असे मी सांगितले. वीस वर्षांच्या तरुणाला परक्या मुलखात मरण आले हे दुःख आहेच. त्याच्या देहाला अग्नी देता यावा म्हणून एका अपरिचित शहराने वाट काढून दिली आणि ती जागा अजून राखली, याचा उल्लेख आपल्याकडे फार कमी होतो आणि तो व्हायला हवा.

परत येताना सान लोरेंझोच्या बाजारातले ठेले आवरत होते. बाबांनी एका ठेल्यावरचा लोकरीचा मफलर हातात घेतला, काठ उलटा करून पाहिला, बोटांत चोळला आणि मला विक्रेत्याला विचारायला सांगितले, की हा कुठे विणला आहे. विक्रेता म्हणाला, प्रातो. प्रातो हे फ्लॉरेन्सच्या वायव्येला अगदी जवळचे गाव. जुन्या लोकरी चिंध्या फाडून, पुन्हा कातून नवे कापड करण्याच्या धंद्यावर ते मोठे झाले. तिथली कांपोल्मी नावाची जुनी गिरणी बंद पडल्यावर नगराने ती पाडली नाही. तिची दुरुस्ती केली आणि आज तिच्यात वस्त्रसंग्रहालय आणि शहराचे सार्वजनिक वाचनालय आहे. १८७७ मध्ये सोलापुरात सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या जागेवरून जाताना बाबा आजही काही बोलत नाहीत, म्हणून ही माहिती त्यांना सांगावी की नाही असा मला क्षणभर प्रश्न पडला, पण मी सांगितली.

“गिरणीतच ठेवलंय का सगळं? साच्यांसकट?” त्यांनी विचारले.

“जुनी यंत्रं आहेत म्हणतात. अर्ध्या तासाची रेल्वे आहे.”

दुसऱ्या दिवशी पिसाचा झुकता मनोरा पाहण्याचा आमचा बेत होता. हॉटेलवर पोहोचल्यावर मी प्रातोच्या सकाळच्या गाड्यांच्या वेळा पाहिल्या आणि पिसाची तिकिटे रद्द केली.